चेहरा आणि नाव : थाळनेर, नाणेघाट आणि फ्लॉरेन्समधील दोन संगमरवरी अर्धपुतळे

इटलीतील फ्लॉरेन्स शहरात बार्जेल्लो नावाचा एक प्राचीन प्रासाद आहे. त्याच्या संग्रहालयात एका मध्यमवयीन पुरुषाचा संगमरवरी अर्धपुतळा ठेवलेला आहे. केस आखूड, ओठ घट्ट मिटलेले, मान किंचित वळलेली, अंगात जरीकामाचा भरजरी पोशाख. मुद्रेवर देवत्वाचा लवलेश नाही आणि राजमुकुटही नाही. हा माणूस राजा नव्हताच. तो सावकार होता.

त्याचे नाव पिएरो दे मेदिची. युरोपभर पेढ्या असलेल्या मेदिची घराण्यातील कोसिमोचा हा थोरला मुलगा आणि पुढे 'भव्य' या विशेषणाने इतिहासात गाजलेल्या लोरेंझोचा पिता. वातरक्ताच्या व्याधीने तो आयुष्यभर इतका जर्जर होता, की फ्लॉरेन्सच्या लोकांनी 'वातरोगी' हेच त्याचे टोपणनाव करून टाकले. पुतळा घडवणारा शिल्पकार मीनो दा फिएसोले. पुतळ्यावर लॅटिनमध्ये लेख कोरला आहे : कोसिमोचा पुत्र पिएरो, वय ३७. पिएरोचा जन्म १४१६चा. म्हणजे पुतळा १४५३चा ठरतो. कालनिर्देश निश्चित असलेला प्रबोधनकाळातील सर्वांत जुना संगमरवरी अर्धपुतळा म्हणून कलेच्या इतिहासात त्याला मान आहे.

आता हेच साल धरून नजर तापीच्या काठी वळवावी.

१४५३मध्ये खानदेशावर फारुकी सुलतानांचे राज्य होते आणि गादीवर होता मीरान मुबारक खान. त्याची कारकीर्द १४४१ ते १४५७ अशी. आजच्या धुळे जिल्ह्यात, शिरपूर तालुक्यात, तापीच्या तीरावर थाळनेर आहे. तेथे फारुकी राज्यकर्त्यांचे दगडी मकबरे आजही उभे आहेत. राज्याचा संस्थापक मलिक राजा, त्याचा मुलगा नसीर खान, त्यानंतरचा मीरान आदिल खान आणि हा मुबारक खान, असे सलग चार राज्यकर्ते थाळनेरलाच चिरविश्रांती घेत आहेत. दगड उत्तम घडवलेला, घुमट तोललेले, नक्षी नेटकी. मात्र त्यांपैकी एकाही सुलतानाचा चेहरा आज कोणाला ठाऊक नाही. पिएरो दे मेदिचीचे नाक कसे होते, गाल किती भरलेले होते, हे सांगता येते. त्याच वर्षी खानदेशावर राज्य करणारा पुरुष कसा दिसत होता, हे सांगता येत नाही.

यावरून 'तिकडे कला होती, इकडे नव्हती' असा निष्कर्ष कोणी काढू नये. थाळनेरचे कारागीर दगडाला हवे तसे वळवत होते, यात शंका नाही. फरक कौशल्याचा नव्हता. मृत माणसाचे दगडात काय उरावे, या कल्पनेचा होता. इस्लामी परंपरेत थडग्यावर प्रतिमा बसत नाही. आसपासच्या हिंदू समाजात समाधी असे, वृंदावन असे, पादुका असत. रणात पडलेल्या वीरासाठी वीरगळ असे. परंतु वीरगळावरचा वीर म्हणजे अमुकच एक माणूस नव्हे. त्याचा चेहरा शेजारच्या गावच्या वीरगळावरील चेहऱ्यासारखाच असतो. ती वीराची प्रतिमा, व्यक्तीची नव्हे.

मग फ्लॉरेन्समध्ये व्यक्तीचा चेहरा एवढा मोलाचा का ठरला?

पहिले कारण जमिनीखाली होते. प्राचीन रोमन लोक आपल्या पूर्वजांचे आणि सम्राटांचे मस्तकपुतळे घडवीत. सुरकुत्या, टक्कल, वाकडे नाक यांतले काहीही ते लपवीत नसत. पंधराव्या शतकातील इटलीत हे जुने संगमरवरी चेहरे सापडत होते आणि विद्वान व श्रीमंत ते हौसेने गोळा करीत होते. दुसरे कारण चर्चमध्ये होते. संतांच्या अस्थींचे अवशेष ठेवण्यासाठी मध्ययुगात धातूचे पोकळ, छातीपर्यंतचे पुतळे घडवीत. रोमन अर्धपुतळा बहुधा खाली गोलाईने कापलेला आणि छोट्या बैठकीवर बसवलेला असतो. पिएरोचा पुतळा मात्र छातीखाली सरळ आडव्या रेषेत कापलेला आहे. हा आकार संतांच्या अस्थिपात्रांच्या जवळचा आहे. एका सावकाराचे मस्तक त्याने रोमन सिनेटरांच्या आणि ख्रिस्ती संतांच्या पंगतीत नेऊन बसवले, ही गोष्ट त्या काळच्या फ्लॉरेन्सकरांच्या नजरेतून सुटली नसणार.

तिसरे कारण राजकीय होते आणि तेच सर्वांत रोचक आहे. फ्लॉरेन्स हे नावाने प्रजासत्ताक होते. मेदिचींची सत्ता पेढीतून, कर्जातून, सोयरिकीतून चालत असे. त्यांना सिंहासन नव्हते, नाण्यावर मुद्रा नव्हती. चौकात स्वतःचा पुतळा उभारला असता, तर शहराने तो जुलूम मानला असता. घरात मात्र कोणाची आडकाठी नव्हती. कलावंतांची चरित्रे लिहिणाऱ्या वसारीने नोंदवले आहे, की असे अर्धपुतळे घरातील दारांवर, चुलाण्यांवर, खिडक्यांवर बसवलेले असत. पाहुणा आत शिरला, की वरून यजमान पाहत असे. राजा न म्हणवता राज्य करणाऱ्या घराण्याला याहून सोयीचे साधन कोणते?

तंत्रही समजून घेण्यासारखे आहे. काही शिल्पकार जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर प्लास्टर थापून साचा काढीत. नाकपुड्यांत श्वासासाठी नळ्या ठेवीत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात अँतोनियो रोस्सेल्लिनोने १४५६मध्ये घडवलेला जोव्हान्नी केल्लिनी या वैद्याचा अर्धपुतळा आहे. हा केल्लिनी थोर शिल्पकार दोनातेल्लो याचा वैद्य. त्याच्या कातडीवरची प्रत्येक घडी दगडात इतकी नेमकी उतरली आहे, की ती अशा साच्यावरूनच घेतली असावी असे अभ्यासक मानतात. साचा चेहरा देतो. तो जिवंत करण्याचे काम मात्र छिन्नीचे असते. साच्यात डोळे मिटलेले असतात, शिल्पकाराला ते उघडावे लागतात.

पिएरोचा पुतळा ज्या इमारतीत आहे, तिचीही कथा थोडक्यात सांगण्यासारखी. बार्जेल्लोचे बांधकाम १२५५मध्ये सुरू झाले. नगराच्या अधिकाऱ्यांचे ते निवासस्थान होते. पुढे पोलीस प्रमुखाचे ठाणे आणि तुरुंग झाले. १४७८मध्ये कटवाल्यांनी पिएरोचा धाकटा मुलगा जुलियानो याला फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलमध्येच भोसकून ठार केले. मारेकऱ्यांपैकी बर्नार्दो बारोंचेल्ली कॉन्स्टँटिनोपलला पळाला. तेथून त्याला धरून आणले आणि डिसेंबर १४७९मध्ये याच बार्जेल्लोवर फाशी देऊन लटकवले. त्या लटकत्या देहाचे रेखाचित्र काढणारा तरुण होता लिओनार्दो दा विंची. त्याने चित्राशेजारी मृताच्या टोपीचा आणि कपड्यांचा रंगसुद्धा टिपून ठेवला आहे! १८६५मध्ये या इमारतीचे राष्ट्रीय संग्रहालय झाले. ज्या वास्तूवर मुलाचा मारेकरी लटकला, त्याच वास्तूत आता बापाचा पुतळा उभा आहे.

एवढे पाहिल्यावर लक्षात येते, की अर्धपुतळ्याचे बळ दोन गोष्टींच्या जोडीत आहे : चेहरा आणि नाव. दगडावरचा लेख नसता, तर पिएरो हा 'एक अनोळखी फ्लॉरेन्सकर' म्हणून संग्रहालयाच्या यादीत जमा झाला असता. असे कितीतरी अनामिक चेहरे युरोपच्या संग्रहालयांत आहेत.

ही जोडी तुटते तेव्हा काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे, आणि ते पिएरोहून सुमारे दीड हजार वर्षे जुने आहे.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन काळातील एक लेणे आहे. राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख तेथेच आहे. काळ साधारण इ.स.पूर्व पहिल्या शतकाचा. मागच्या भिंतीवर एकेकाळी सातवाहन राजकुलाच्या प्रतिमा रांगेने कोरलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या वर नाव होते. सिमुक सातवाहन, सातकर्णी आणि नागनिका, महारठी त्रणकयिरो, कुमार हकुसिरी अशी ती नावे आजही वाचता येतात. खाली मात्र पायांच्या खुणांपलीकडे काही राहिलेले नाही. आपल्याकडे व्यक्तीची प्रतिमा नावासकट कोरण्याची कल्पनाच नव्हती, असे म्हणणाऱ्यांना नाणेघाट हे उत्तर आहे. ती कल्पना होती. पुढे तिचा प्रवाह क्षीण झाला, इतकेच. नाणेघाटात नावे उरली आणि चेहरे गेले.

याच्या नेमके उलट फ्लॉरेन्समध्ये घडले, आणि तेही एका मराठी राजाच्या बाबतीत.

हे राजाराम महाराज म्हणजे शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत. हे कोल्हापूरचे छत्रपती, जन्म १८५०. पाटणकर घराण्यातून ते दत्तक आले आणि १८६६मध्ये, सोळाव्या वर्षी, गादीवर बसले. इंग्रजी शिकलेले, जिज्ञासू, वाचनाची आवड असलेले. १८७०मध्ये त्यांनी विलायतेचा प्रवास केला. समुद्र ओलांडणे हे अजून धर्मबाह्य मानले जात होते, अशा काळात एका छत्रपतीने हे पाऊल टाकले. लंडनमध्ये त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली, संस्था पाहिल्या, माणसे पाहिली आणि रोज इंग्रजीत दैनंदिनी लिहिली. सोबत असलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली. एकोणीस-वीस वर्षांच्या एका मराठी तरुणाने युरोपकडे कसे पाहिले, हे जाणून घ्यायचे तर तिच्याइतके थेट साधन दुसरे नाही. इतिहासाच्या तरुण वाचकांनी ती अवश्य मिळवावी.

परतीच्या वाटेवर महाराज आजारी पडले. ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समधील एका हॉटेलात त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस वर्षे. फ्लॉरेन्स तेव्हा नव्या एकसंध इटलीची राजधानी होती.

पेच पुढे उभा राहिला. सोबतच्या मंडळींना दहन करायचे होते. कॅथलिक इटलीत दहनाची प्रथा नव्हती, कायद्यात त्याची तरतूद नव्हती. इटलीतील आधुनिक दाहगृहातले पहिले दहन मिलान शहरात झाले ते १८७६ साली, म्हणजे या घटनेनंतर पाच वर्षांहून अधिक काळाने. तरीही नगरपालिकेने खास परवानगी दिली. जागा ठरली शहराबाहेरील काशिने उद्यानाच्या टोकाची, जेथे मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते. संगमच का, हे खानदेशातील वाचकाला सांगण्याची गरज नाही. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेव आणि तापी-पांझरेच्या संगमावरील मुडावद येथे जे पावित्र्य लोक मानतात, तेच त्या परक्या मुलुखात शोधले गेले. रात्रीच्या अंधारात, कुतूहलाने जमलेल्या फ्लॉरेन्सकरांच्या देखत, कोल्हापूरच्या छत्रपतींची चिता आर्नोकाठी पेटली.

चार वर्षांनी, १८७४मध्ये, त्याच जागी स्मारक उभे राहिले. मध्यभागी महाराजांचा अर्धपुतळा. शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर हे फ्लॉरेन्समध्ये राहणारे इंग्रज होते. पुतळ्यावर चार खांबांची, घुमटाची छत्री. तिचा आराखडा इंग्रज लष्करी अभियंता मेजर चार्ल्स मँट यांचा. चौथऱ्यावर चार भाषांतले लेख.

ही रचना नीट न्याहाळावी. छत्री हे आपल्याकडील राजस्मारकाचे रूप आहे. परंतु आपल्याकडील छत्रीत बहुधा शिवलिंग असते किंवा पादुका. काशिनेच्या छत्रीत त्या जागी युरोपीय अर्धपुतळा आला. मीनो दा फिएसोलेच्या शहरात, त्याच्या काळापासून चालत आलेल्या प्रकारात, एका मराठी राजाचे मस्तक दगडात बसले, आणि त्याच्यावर छाया मात्र देशी छत्रीची! त्यातही फुलर यांनी पुतळा पांढरा ठेवला नाही. पागोटे, वस्त्रे, अलंकार रंगांनी दाखवले. प्रबोधनकाळातही काही संगमरवरी पुतळ्यांना रंग दिलेला असे. मात्र १८७४च्या युरोपात आपल्या थोरांसाठी शुभ्र संगमरवर आणि पूर्वेच्या राजपुत्रासाठी रंग, हा भेद निव्वळ योगायोगाचा वाटत नाही. फुलर यांना एक विशिष्ट तरुण दाखवायचा होता, तसाच एक 'पौर्वात्य राजा'ही दाखवायचा होता. रंगांनी दुसऱ्याला अधिक साथ दिली.

मराठीत या स्मारकाविषयी लिहिताना बहुधा अभिमानाचा सूर लागतो. तो स्वाभाविक आहे, पण अपुरा आहे. कोल्हापूरचा कारभार त्या वेळी ब्रिटिश पोलिटिकल एजंटच्या देखरेखीखाली होता. विलायतेहून परतणारा सुशिक्षित, निष्ठावान संस्थानिक ही ब्रिटिश सत्तेला हवी असलेली प्रतिमा होती, आणि स्मारकाचे शिल्पकार व वास्तुकार दोघेही इंग्रज होते. महाराजांच्या स्वतःच्या शब्दांची दैनंदिनीही इंग्रज अधिकाऱ्याच्या संपादनातूनच जगापुढे आली. पिएरोने आपला चेहरा स्वतःच्या हयातीत, स्वतःच्या घरासाठी घडवून घेतला. राजाराम महाराजांना ती मुभा मिळाली नाही. त्यांचा चेहरा कसा दिसावा आणि कोठे असावा, हे इतरांनी ठरवले.

आणि नावाचे काय झाले? लेखात ते पूर्ण आहे, संस्थानासह. परंतु फ्लॉरेन्सच्या बोलण्यात ते टिकले नाही. लोक त्या स्मारकाला आणि पुढे त्या सगळ्या परिसरालाच 'इंडियानो', म्हणजे 'भारतीय', म्हणू लागले. कोल्हापूर गेले, छत्रपती गेले, राजारामही गेले. चेहरा राहिला आणि त्याला देशाचे लेबल चिकटले.

मँट यांचा मात्र मराठी राजघराण्यांशी संबंध पुढे वाढत गेला. कोल्हापूरचा नवा राजवाडा त्यांच्याच आराखड्याचा. १८७७ ते १८८४ या काळात काळ्या घडीव दगडात तो उभा राहिला. आज त्याच्या तळमजल्यावर शहाजी छत्रपती संग्रहालय आहे. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही मूळ त्यांचाच. तो १८९०मध्ये पुरा झाला, पण मँट १८८१मध्येच वारले आणि काम रॉबर्ट चिझम यांनी तडीस नेले.

लक्ष्मीविलासपाशी ही कथा पुन्हा खानदेशाच्या वेशीवर येते. तो बांधवून घेणारे सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३मध्ये मालेगाव तालुक्यातील कवळाणे येथे, एका शेतकरी कुटुंबात झाला. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे. पण नाशिक जिल्हा स्थापन झाला १८६९मध्ये, आणि तोवर मालेगाव खानदेशात मोडत असे. म्हणजे सरकारी दप्तराच्या भाषेत बोलायचे तर सयाजीराव जन्माने खानदेशी! १८७५मध्ये, बाराव्या वर्षी, ते बडोद्याला दत्तक गेले. पुढे त्यांनी व्हेनिसचा शिल्पकार आउगुस्तो फेलिची याला बडोद्यात बोलावले. ब्राँझ, संगमरवर आणि भाजलेली माती यांतील त्याची कामे लक्ष्मीविलासमध्ये आणि राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात पाहता येतात. दरबार हॉलची मोझेक फरशीही व्हेनिसच्या कारागिरीची आहे. युरोपातील थोर चित्रांच्या प्रती सयाजीरावांनी मुद्दाम करवून आणल्या. प्रजेला आणि विद्यार्थ्यांना त्या डोळ्यांनी पाहता याव्यात, हा हेतू होता.

येथे फरक दिसतो. काशिनेत मराठी राजा हा शिल्पाचा विषय होता. बडोद्यात तो आश्रयदाता झाला. कोणाला बोलवायचे, कोणाचा चेहरा घडवायचा, तो कोठे ठेवायचा, हे आता तो ठरवीत होता. अर्थात रेसिडेंट बडोद्यातही होताच, हे विसरू नये. याच दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतील गणपतराव म्हात्रे या तरुणाने 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प घडवले. साल १८९६, वय जेमतेम वीस. त्यानंतर संगमरवरात चेहरा उतरवण्यासाठी इटालियन माणूसच हवा, ही समजूत मागे पडू लागली.

काशिनेतील छत्री अजून उभी आहे. १९७०च्या दशकात तिच्या जवळून आर्नोवर तारांनी पेललेला एक आधुनिक पूल बांधण्यात आला. त्याचे नावही 'इंडियानो'च ठेवले गेले. रोज हजारो मोटारी त्यावरून जातात आणि रस्त्याच्या फलकांवर तेच नाव वाचतात. खाली उद्यानाच्या टोकाशी, जेथे मुन्योने आर्नोला मिळते, तेथे वीस वर्षांचे छत्रपती छत्रीखाली बसलेले आहेत. त्यांचे पूर्ण नाव वाचायचे तर पुलावरून उतरून, उद्यानातून चालत, चौथऱ्यापर्यंत जावे लागते.